जमलीबाईला मी मेजावरून उठवलं

सन दोन हजार अठरा. माझं वय एकोणसत्तर. महिन्याच्या पहिल्या रविवारी, भरल्या चर्चमध्ये मी एका बाईचा अपमान केला. दुसऱ्या कोणी नाही. मी.

आमचं गाव शिरपूर तालुक्यात. मंडळी जुनी, पण लहान. पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. लोक पुढं येऊन मेजासमोर गुडघे टेकतात. पाळकसाहेब भाकरीचा तुकडा देत जातात, त्यांच्यामागं मी द्राक्षरसाच्या लहान प्याल्यांचा ट्रे घेऊन. मी मंडळीचा वडील, म्हणजे पंचांपैकी एक. बावीस वर्षं तो ट्रे माझ्या हातात होता.

त्या दिवशी रांगेच्या टोकाला जमलीबाई गुडघ्यावर बसली. वरच्या पाड्यावरची पावरा आदिवासी बाई, साठीची. बाप्तिस्मा होऊन दोन वर्षं झालेली. पण आमच्याकडं नियम होता, प्याला घेण्याआधी वडिलांपुढं परीक्षा द्यायची. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, विश्वासाचा अंगीकार, सगळं तोंडपाठ, पुस्तकी मराठीत. परीक्षा घेणारा मी. तिला मी दोनदा नापास केलं होतं.

पाळकसाहेबांनी तिला भाकर दिली. ती तिनं तोंडात घातली आणि हात माझ्याकडं केला. मी ट्रे मागं घेतला.

‘बाई, ऊठ. आधी आज्ञा पाठ करून ये.’

ती हळूच म्हणाली, ‘आबा, पाठ नही व्हत माले. पन मी त्याले वळखस. रोज बोलस त्यानासंगे.’

‘ऊठ म्हटलं ना.’

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. पाळकसाहेब हातात ताटली घेऊन उभे. एक शब्द नाही. जमलीबाई उठली. पदर सारखा केला. भाकर तिच्या तोंडातच होती, चावत नव्हती. तशीच बाहेर गेली. तिच्यामागं पाड्याची सगळी माणसं उठली आणि गेली.

उपासना संपल्यावर गुरुजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. गुरुजी म्हणजे आमच्या कमिटीचे सेक्रेटरी. निवृत्त मुख्याध्यापक, तीन पिढ्यांपासून मिशनच्या कंपाउंडात घर. म्हणाले, ‘आबा, शिस्त राखली तुम्ही.’

मी खूश झालो. खोटं कशाला लिहू. घरी पोचेपर्यंत छाती फुगलेली होती.

घरी म्हातारीनं, माझ्या बायकोनं, ताट वाढलं. समोर बसली नाही. चुलीकडं तोंड करून म्हणाली, ‘तुम्हनी माय बी अशीच उठनी व्हती ना? तुम्हीच सांगेल शे माले.’

घास तसाच हातात राहिला.

उठली होती. मी नऊ वर्षांचा होतो. आई कंपाउंडात झाडझूड करायची, लोकांची म्हसरं धुवायची. तिची परीक्षा गुरुजींच्या वडिलांनी घेतली, मोठे मास्तर म्हणायचे त्यांना. चौथ्या आज्ञेला आई अडकली. मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘म्हशी धुणारीला आज्ञा कशा राहणार लक्षात? जा, बस मागं.’ लोक हसले. आई मागं बसली ती मरेपर्यंत. लोक पुढं जायचे तेव्हा ती दाराजवळ डोक्यावर पदर ओढून खाली बघायची. मी तिच्या मांडीला टेकून बसायचो. तिची मांडी थरथरायची ते मला कळायचं.

तिसरीतून माझी शाळा सुटली. पुढं कापसाच्या जिनिंगमध्ये सरकीची पोती वाहिली. पण शनिवारी मास्तर पोरांचा पाठ घ्यायचे तेव्हा मी खिडकीबाहेर उभा राहायचो. ऐकून ऐकून सगळं पाठ केलं. सोळाव्या वर्षी एकही चूक न करता म्हणून दाखवलं. मास्तर म्हणाले, ‘शाबास.’ त्या एका शाबासकीवर मी विकला गेलो. मंडळीत मला टेपरेकॉर्डर म्हणायचे. मला वाटायचं, कौतुक करतात.

आईच्या अपमानाचा सूड घ्यायला हवा होता. मी मास्तरांची खुर्ची घेतली आणि दुसऱ्या कोणाच्या आईला मागं बसवलं.

आणखी एक सांगतो. जमलीबाईला प्याला नाकारला तो आज्ञांसाठी नाही. पाळकसाहेबांनी तिला पुढं ये म्हणून सांगितलं होतं, मला न विचारता. ते मला लागलं होतं. गुरुजींचा नातू पुण्याहून येतो, कपाळावर गॉगल, मोबाइल खिशात वाजतोय. त्यानं हात पुढं केला की मी मुकाट ट्रे धरतो. त्याला मी एक आज्ञा कधी विचारली नाही.

पुढचे तीन रविवार पाड्याचं कोणी आलं नाही. बाकं रिकामी. तशी आमची बाकं आधीपासूनच रिकामी होत होती. पोरं जळगावला, नाशिकला गेली. दर मीटिंगला मीच ओरडायचो, मंडळी वाढत नाही, लाउडस्पीकर आणा, फरशी बदला, बाहेरचा वक्ता बोलवा.

चौथ्या आठवड्यात, शुक्रवारी पाळकसाहेब घरी आले. ‘आबा, मंडळी वाढत नाही म्हणता ना? चला, वाढलेली दाखवतो.’

बोराडीपर्यंत जीप, पुढं पायी. चढावर ते एकदा थांबले आणि म्हणाले, ‘त्या दिवशी मी गप्प राहिलो. मला बदलीची भीती वाटली, आबा.’ माझं पाप त्यांच्या भीतीहून मोठं होतं. पण ते तोंडानं म्हणायला मला जड गेलं.

पाड्यावर जमलीबाई एका म्हाताऱ्याचा पाय धूत होती. शुगरनं सडलेला पाय. वास इतका, की मी दारातच थबकलो. त्याच्या पोरांनी त्याला गोठ्यात टाकला होता. ती रोज यायची, कडुनिंबाचं पाणी करून पाय धुवायची, त्याला भाकर कुस्करून द्यायची. धुता धुता आपल्या पावरी बोलीत देवाशी बोलायची, शेजारणीशी बोलावं तसं. मध्ये एकदा हसलीसुद्धा.

दोन वर्षांपूर्वी त्या पाड्यावर ख्रिस्ताचं नाव घेणारी ती एकटी होती. आता प्रार्थनेला तिच्या अंगणात माणसं मावत नव्हती. मी पाड्यावरच्या एका सुनेला विचारलं, ‘तुम्हले हाई कोनी शिकाडं?’

ती म्हणाली, ‘शिकाडं कोनीच नही. ती रोज येस.’

रोज. मी बावीस वर्षं वडील. आजाऱ्याच्या उशाशी किती वेळा बसलो? बसलो असेन, पण दारात चपला काढायच्या आधी घड्याळ बघून. कोणाचा पाय धुतला नाही. परीक्षा मात्र शंभरेक जणांच्या घेतल्या.

जमलीबाईनं मला पाणी दिलं. ‘चालीसन दमनात आबा,’ म्हणाली. बस, एवढंच. मला वाटलं होतं टोमणा मारेल. मारला असता तर बरं झालं असतं. मी पाणी प्यालो. माफी मागायची होती, मागितली नाही. वडील ना मी. मान वाकवायची सवय नव्हती. तसाच परत आलो. जीपमध्ये बसल्यावर मला माझी लाज वाटली, ती आजवर गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, कमिटी बसली. गुरुजींनी टाइप केलेला कागद वाचला. पाड्याच्या लोकांनी उपासना पाड्यावरच करावी. परीक्षा पास झाल्याशिवाय कोणी मेजाकडं येऊ नये. खाली लिहिलं होतं, आबांच्या सूचनेवरून.

मी म्हटलं, ‘माझं नाव काढा.’

गुरुजी हसले. ‘आबा, तिसरीत शाळा सोडली तुम्ही. पाठ म्हणता येतं म्हणून अर्थ कळतो असं नाही. कागदाचं आम्ही बघतो. तुम्ही सही करा.’

बाकीचे हसले. तेच हसू. साठ वर्षांत त्यात काही फरक पडला नव्हता.

पण गुरुजी खरं बोलले होते. मला अर्थ कळला नव्हता. काल कळला होता, गोठ्याच्या दारात.

‘सही नाही. अंगठाही नाही,’ मी म्हटलं.

‘मग वडीलपण सोडावं लागेल.’

‘सोडलं. आणि कागदावर एक वाढवा. तुमच्या नातवाला मी परीक्षा न घेता प्याला देत आलो. ते बी आबांच्याच हातून झालं म्हणून लिहा.’

कोणी हसलं नाही. पाळकसाहेब मान खाली घालून बसले होते. त्यांनी सही न करताच पेन बंद करून खिशात ठेवला. मी उठून बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी चर्चला गेलो नाही. पहिली जीप धरली. पाड्यावर पोचलो तेव्हा अंगण भरलं होतं. मी बसलो नाही. टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं,

‘त्या दिन मी ईले मेजवरथून उठाडं. ईनी काही चूक नव्हती. चूक मनी शे. पाळकसाहेबनी नही, गुरुजीनी नही, मनी. बठ्ठासमोर उठाडं, म्हनीसन बठ्ठासमोर सांगस. जोपर्यंत ईले तठे प्याला भेटत नही, तोपर्यंत मी बी लेवाव नही. मरानी येळ उनी तरी नही.’

जमलीबाईनं माझ्याकडं पाहिलं.

‘ते तुम्हनं तुम्ही देखा, आबा,’ ती म्हणाली. ‘आते बठा. प्रार्थनानी येळ व्हयनी.’

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही. मागायचा हक्क मला नव्हता. मी सगळ्यांच्या मागं जाऊन जमिनीवर बसलो.