पोकळ नसलेलं वाघनख

आंधळगावच्या बाजारात एक म्हातारा शिंगाच्या फण्या करून विकायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतरच्या एका वर्षी, पिळदार मिशांचे एक मालक त्याच्याकडे आजोबांनी मारलेल्या वाघाचं नख साफ करायला घेऊन आले. ते नातवाच्या गळ्यात बारशाला मिरवायचं होतं.

"फारेस्टवाले धरतीन, मालक," म्हणत म्हाताऱ्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग नखाच्या बुडाला बसवलेली चांदीची टोपी काढून, आतलं वाळलेलं मांस उकरायला त्याने दाभण लावला. दाभण आत जाईना. म्हाताऱ्याचा चेहरा एकदम खुलला.

"नख आतून पोकळ रायते, मालक. हे भरीव हाये. बैलाचं शिंग हाये."

"माह्या आज्यानं वाघ मारला होता!"

"मारला असन. पन हे वाघाचं असतं तं आपून दोघंबी अंदर गेलो असतो. आन बैलानं तुमच्या आज्याले जलमभर जेवू घातलं. वाघानं काय देल्लं?"

मालकांनी आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला.

"चमकव मंग. पन बारशाले तू येऊ नोको."

म्हातारा हसला आणि राख लावून, मोठ्या मायेने, बैलाचा वाघ करू लागला.