एलियाहूच्या खुर्चीत बसलो तेव्हा

राज्यं नव्यानं आखली गेली त्या दिवसांत आमच्या पांढुर्ण्यात एकाही माणसाचं चित्त ठिकाणावर नव्हतं. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही नि सौंसरवाले मध्यप्रदेशात राहिलो. माझ्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक लुगडं कमी बघायचं आणि "आता आपलं काय होऊन राहिलं हो?" हेच जास्त विचारायचं. कोणी सांगे, मोठा पुढारी येणार आहे, तो सगळं परत फिरवणार. मी हातवारे करून त्या न आलेल्या पुढाऱ्याचं भाषणही करून दाखवायचो, लोक पोट धरून हसायचे. पण दुकानाला कुलूप लावलं की माझं मला हसू येत नसे. बायको तिगावला माहेरी बाळंतपणाला गेली होती. आमचं पहिलं मूल हाती लागलं नव्हतं, आणि तेव्हापासून देवापुढे उभा राहिलो की मनात एकच येई: हाक मारल्यावर खरंच कोणी येतं का, की आपण नुसते ओरडत राहतो?

सासऱ्यांचा गडी सकाळीच निरोप घेऊन आला. तिगावला पोचलो तर सासरे अंगणात डोक्याला हात लावून बसलेले. सुईण बाहेर आली. "पोर आडवं आलं, बापू. माह्या हातचं नाही राहिलं. नागपूरले न्या." नागपूरला न्यायचं तर दुपारच्या मेलशिवाय गाडी नव्हती, आणि मेल तिगावला थांबत नसे. मी तसाच संत्र्यांच्या बागेतून स्टेशनकडे पळत सुटलो. तिथे बदलीवर आलेला बाबू म्हणाला, "मेल थांबवायला वरच्या कंट्रोल ऑफिसची परवानगी लागते. आमच्या मास्तरांनाच बोलावं लागेल, आणि ते आज रजेवर आहेत. मागे क्वार्टरमध्ये आहेत, त्यांच्या मुलाच्या सुंतेचा विधी आहे."

स्टेशनमास्तर कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. बोलणं अस्सल मराठी, फक्त देव वेगळा. एवढं मला ऐकून माहीत होतं. क्वार्टरमध्ये शिरलो तर खोली पाहुण्यांनी भरलेली, मुंबईहून आलेले धर्मगुरू मोठ्यानं प्रार्थना म्हणत असलेले, आणि सगळे उभे. पळून पळून मला धाप लागली होती. समोर जरीचं कापड घातलेली एक रिकामी खुर्ची दिसली. मी तिच्यात धपकन बसलो.

प्रार्थना जागीच थांबली. नाटकात चुकीच्या प्रवेशाला रंगमंचावर आलेल्या नटाकडे सगळे बघतात ना, तसे सगळे माझ्याकडे बघू लागले. एक तरुण पुढे आला. "अहो, उठा. ती आमच्या एलियाहू नबीची, प्रेषिताची खुर्ची आहे. तिच्यात कोणी बसत नाही."

मी उठू लागलो. तेवढ्यात मास्तरांच्या आई, नऊवारीतली हडकुळी बाई, बाळाला मांडीवर घेऊनच म्हणाल्या, "बसू दे रे त्याला. आपण इतकी वर्षं खुर्ची मांडतो, कोणी येऊन बसलं का कधी? आज कोणी बसलं तर हाकलताय." मग माझ्याकडे वळल्या. "काय झालं, बाळा?"

चाळिशीला टेकलेल्या मला बाळा म्हणणारी ती एकटीच. मी रडत रडत सांगितलं. मास्तर रेशमी कोटातच फोनकडे धावले. आणि पाहुण्यांतून एक बाई पदर खोचत पुढे आल्या. मास्तरांच्या बायकोचं बाळंतपण केलेल्या नागपूरच्या मिशन इस्पितळातल्या सिस्टर त्या, विधीला पाहुण्या म्हणून आलेल्या. गळ्यात बारीक क्रूस होता. "गाडीचं मग बघू," त्या म्हणाल्या. "आधी मला दाखवा."

माझ्यामागून आलेल्या सासऱ्यांच्या बैलबंडीतून आम्ही घरी आलो. सिस्टर आत गेल्या, बऱ्याच वेळानं दारात आल्या. "बाळाला फिरवावं लागेल. आता गाडीत घातलं तर वाटेत दोघंही जाऊ शकतात. इथे केलं तरी खात्री देत नाही मी. तुम्ही सांगा." त्याच वेळी स्टेशनचा पोर्टर धापा टाकत आला. "कंट्रोल हो म्हणून राहिला. मास्तर पुसून राहिले, मेल थांबवाची का?"

ज्या गाडीसाठी सकाळपासून देवाला आळवलं ती गाडी देव देत होता, आणि मलाच ती नको म्हणायची होती. नागपूरचं मोठं इस्पितळ एकीकडे, ओळख ना पाळख अशी एक बाई दुसरीकडे. सासरे म्हणाले, "जावईबापू, बोला काहीतरी." मी म्हणालो, "जाऊ द्या मेल."

थोड्या वेळानं मेल शिट्टी देत निघून गेली. बागेची पानं थरथरली आणि मी बुंध्याला धरून उभा राहिलो. मग बागेत येरझारा सुरू केल्या. मास्तर विधी आटोपून आले, हातात मलिद्याचं ताट: भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, आमच्याच बागांतली संत्री. "एलियाहू नबीच्या नावाचा आहे, खा," म्हणाले. मी ताट हातात धरून ठेवलं. जीव कुठेतरी अडकवायचा म्हणून मी विचारलं, "हे एलियाहू कोण?"

"मशिहाच्या आधी येऊन वर्दी देणारे. मशिहा म्हणजे अभिषिक्त. ज्याच्या मस्तकावर तेल घालून देवानं राजा केला तो. दावीद राजाच्या कुळातला असेल, आमच्यासारखाच माणूस. विखुरलेल्यांना गोळा करील, लढाया बंद पाडील. अजून यायचा आहे."

"आणि सिस्टर?"

"त्यांच्या मते तो येऊन गेला. येशू हाच तो, देवाचा पुत्र, आणि राज्य करायला नाही, आपल्यासाठी दुःख सोसायला आला. परत येणार आहे म्हणतात." मास्तर मिश्किल हसले. "यावरून आमचं चहाच्या कपावर नेहमी वाजतं. पण वाट दोघांनाही बघावीच लागते."

"इतक्या पिढ्या? कंटाळा नाही येत?"

"शेठ, गाडी केव्हा येईल हे माझ्या हातात नसतं. रूळ मोकळा ठेवायचा नि सिग्नल पाडायचा, एवढंच माझं काम. पण ते नाही केलं तर आलेली गाडीही बाहेरच उभी राहते."

यावर मी काहीतरी चटपटीत बोलणार होतो. तेवढ्यात आतून बारीक, चिडका, जगातला सगळ्यात सुंदर रडण्याचा आवाज आला. मी दाराकडे धावलो. सिस्टर कोपरापर्यंत भिजलेले हात घेऊन दारात आल्या. "मुलगी आहे. आई दमली आहे, पण ठीक आहे." मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं. "हात माझे होते. बाकी माझं नव्हतं. जा, बायकोजवळ बसा."

संध्याकाळी मी स्टेशनवर गेलो. मास्तर म्हणाले, "कंट्रोल विचारतोय, ज्यांच्यासाठी मेल थांबवायला निघाला होतात ते पॅसेंजर कुठे गेले?" मी म्हणालो, "त्यांना कळवा, पॅसेंजर घरीच उतरली." मास्तर इतके हसले की पोर्टर आत डोकावून गेला.

हे सगळं कोणाच्या देवानं केलं, हे मी विचारत बसलो नाही. मशिहा आला की यायचा आहे, याचा निवाडा माझ्यासारख्या कापड विकणाऱ्यानं करू नये. मी जामसावळीच्या मारुतीचा भक्त, तोच राहिलो. पण मला एक कळलं. मी ज्याला देवावरचा विश्वास समजत होतो तो माझा हट्ट होता: ये, पण मी सांगेन त्या गाडीनं ये. "जाऊ द्या" म्हणालो तेव्हा हातात काहीच उरलं नव्हतं, आणि तिथूनच पुढे सगळं मिळालं. पोरगी आता शाळेत जाते, बापासारखीच बडबडी आहे. ती सकाळी दप्तर घेऊन रस्ता ओलांडते तेव्हा आजही माझा जीव वरखाली होतो. मी तिला हाक मारत नाही. दुकानाच्या पायरीवर हात जोडून उभा राहतो आणि तिला जाऊ देतो.