जोडीदार बदलायला हवा

माझ्या सुनेचं काम वेगळं करण्याचं. स्थळ आणणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "मुलगी कारखान्यात औषधं वेगळी करते," तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. आज औषधं वेगळी करते, उद्या माझा मुलगा वेगळा करेल. तो एकुलता एक. तो गेला तर मी काय भिंतींशी बोलू?

तशी पोरगी सोन्यासारखी. तोंडाने फटकळ, पण माझ्याइतकी नाही. धुतलेला पेलासुद्धा उजेडात धरून बघते. राग येतो, पण पेले चकचकीत असतात हेही खरं.

मध्यंतरी ती घुम्यासारखी वागायला लागली. एका संध्याकाळी मी गॅलरीत कपडे काढत होते. आत ती फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "किती दिवस असं चिकटून राहणार? काही उपयोग नाही गं. आता जोडीदारच बदलायला हवा."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. वेगळं घर राहिलं बाजूला, ही तर नवराच बदलायला निघाली! आणि आमचा भोळा सांब शिट्टी वाजवत पेपर वाचतोय. मी अबोला धरला. रविवारी मात्र राहवेना.

"माझ्या मुलात काय खोट आहे ते तोंडावर सांग! बाहेर कशाला जोडीदार शोधतेस?"

ती बघतच राहिली. मग हसून हसून खालीच बसली. "अहो आई, औषधाचा जोडीदार!"

मग तिने समजावलं. खोकल्याच्या एका बाटलीत दोन औषधं. किती किती आहेत ते मोजायचं, तर आधी वेगळी करायला हवीत. ती दोन्ही हट्टी, पाण्याला धरून बसतात, कारण त्यांच्या अंगावर विद्युतभार असतो. उलट्या भाराचा जोडीदार दिला की जोडीने पाणी सोडतात आणि शेजारच्या, पाण्यात न मिसळणाऱ्या द्रावकात उतरतात. मग भुकटी भरलेल्या नळीतून सोडायचं. ज्याची जोडी भुकटीला जास्त चिकटते ते मागे राहतं. यंत्राच्या पडद्यावर दोघांचे दोन वेगळे डोंगर उमटायला हवेत.

"माझे डोंगर एकमेकांच्या मांडीवर बसले होते. जोडीदार बदलला, काल सुटले एकदाचे."

"म्हणजे वेगळं करायला आधी जोडी लावायची? उलटंच शास्त्र तुमचं!"

मी हसले, पण जीव थाऱ्यावर नव्हता. विचारून टाकलं, "आणि घर? ते कधी वेगळं करणार?"

मुलाने पेपर खाली ठेवला.

"कारखान्याजवळ कंपनीचं घर मिळतंय," ती म्हणाली. "आधी एका खोलीचं देत होते, मी नको म्हटलं. आता दोन खोल्यांचं देतायत. तुमच्या खोलीला मोठी खिडकी आहे. पण तुम्ही याल का, ते विचारायचं धाडस होईना. तुम्ही तर बोलतच नव्हता."

माझे डोळे भरून आले. पण इतक्या लवकर हो म्हटलं तर सासू कसली?

"विचार करून सांगते," म्हटलं, आणि आत जाऊन कपाटातल्या चादरी बांधायला घेतल्या.