बसायला आले गं

आमच्या गल्लीत ‘बसायला या की’ म्हणायला काही कारण लागायचं नाही. भाजी निवडत या, लसूण सोलत या, नुसतं तोंड घेऊन आलात तरी चालेल. माझं माहेर बार्शीकडचं, शेजारणीचं घर तेलुगू. लग्न होऊन मी सोलापुरात आले तेव्हा तिच्या सासूनं मला हाताला धरून घरात ओढलं, ‘कूर्चो अम्मा, कूर्चो’ म्हणाली आणि मी बसले. त्या भाषेतला तेवढा एकच शब्द मला येतो. फायदा मात्र त्याचा आयुष्यभर घेतला.

पुढं गल्लीत फायनान्सवाल्यांचा बायकांना कर्ज देणारा गट निघाला. पाचजणींचा गट, एकीचा हप्ता थकला तर बाकीच्या चौघी जबाबदार. गटप्रमुख मला केलं. माझ्यात पुढारीपण दिसलं म्हणून नव्हे. आमच्या बाहेरच्या खोलीला पंखा आहे म्हणून. तरी दोन दिवस मी घरात जरा वरच्या पट्टीत बोलत होते. “प्रमुख, भाकरी टाका आता,” असं नवरा म्हणाला तेव्हा खाली उतरले.

शेजारीण तोवर गणवेशाच्या कारखान्यात नुसते धागे कापायची. कर्जातून तिनं मोटरचं शिलाई मशीन घेतलं, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि शाळेचे शर्ट-चड्ड्या घरी आणून शिवायला लागली. कर्जानं भलं होतच नाही असं मी म्हणणार नाही, ते वर्ष मी बघितलंय. सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. म्हातारी मला लांबूनच ओळखून हाक मारायला लागली.

पण गणवेशाचं काम जूनपर्यंत. शाळा भरल्या की मालक म्हणतो, दिवाळीनंतर बघू. हप्त्याला असलं काही कळत नाही, तो दर मंगळवारी येतो. त्यात तिचा नवरा कामाला होता तो यंत्रमागाचा कारखाना बंद पडला. पहिल्यांदा हप्ता चुकला तेव्हा आम्ही चौघींनी वर्गणी काढून भरला. दुसऱ्यांदाही भरला, पण तोंडं वाकडी करून. तिसऱ्यांदा वसुलीचे साहेब पंख्याखाली टेकून बसले. माणूस गोड.

“मावशी, मला काय घाई नाय. पूर्ण हप्ता झाल्याशिवाय मी उठत नसतो. आणि एकीचा राहिला तर पुढचं कर्ज कुणालाच नाही, एवढं ध्यानात असू द्या. बघा तुमचं तुम्ही.”

एकीला लेकीचं बाळंतपण करायचं होतं, एकीला घरावरचे पत्रे बदलायचे होते. मी कर्जाच्या कागदावर दोन शेळ्या लिहिल्या होत्या. मनात फ्रीज होता.

आम्ही शेजारणीकडं बसायला गेलो.

खोली ती केवढी! चौघी मशीनच्या भोवती बसलो तर मुंगीलाही वाट राहिली नाही. ती कुणाचा तरी परकर शिवत होती.

“आधी हप्त्याचं बोल की,” एकजण म्हणाली.

“शिवल्याबिगर कुठनं देऊ?”

“मग शीव की. कोण नको म्हणतंय?”

“कशी शिवू? तुमी कापडावर बसलाय!”

हसू आलं सगळ्यांना. तीपण हसली. हसलो, पण कापडावरून कुणी उठलं नाही.

म्हातारीला वाटलं पाहुण्या आल्या. ‘कूर्चो, कूर्चो’ करत ती वाटी घेऊन बाहेर गेली आणि साखर घेऊन आली. चहाचा घोट घेतल्यावर माझ्या ध्यानात आलं, साखर माझ्याच घरची. माझ्या सुनेनं दिली होती. माझ्याच साखरेचा चहा पीत मी वसुलीला बसले होते, आणि चहा चांगला झाला होता. दिवेलागणीपर्यंत बसलो. पुढच्या मंगळवारी पुन्हा, त्याच्या पुढच्याही. प्रत्येक वेळी म्हातारी वाटी घेऊन निघायची. ‘कूर्चो’ म्हणणं मात्र तिनं कधी थांबवलं ते मला सांगता येणार नाही.

मग एक छोटा हत्ती टेम्पो आला आणि मशीन घेऊन गेला. ती टेम्पोमागं कोपऱ्यापर्यंत चालत गेली, मशीनवरचं फडकं हातात तसंच.

त्या मंगळवारी तिनं मशीन विकल्याच्या पैशातून सगळं फेडलं. पूर्ण वसुली झाली की मीटिंगमध्ये टाळ्या वाजवायची पद्धत आहे. आम्ही वाजवल्या. तिनंही वाजवल्या.

ती पुन्हा धागे कापायला जायला लागली. आमच्याकडं फ्रीज आला. वरच्या कप्प्यात दूध, खालच्यात पाण्याच्या बाटल्या. तेवढ्यावरच आमचं सामान संपलं. एका सुट्टीच्या दिवशी मला राहवेना. सुपात लसूण घेतला आणि तिच्या दारात जाऊन उभी राहिले.

“अक्का?” ती उंबऱ्यातच उभी. “आता कुनाचा राहिलाय? माझा तर फिटला की.”

“हप्त्याचं न्हाय गं. नुसतं बसायला आले.”

तिनं माझ्याकडं बघितलं, सुपाकडं बघितलं, आणि बाजूला झाली. मशीनच्या जागेवर पाण्याची घागर ठेवलेली. म्हातारीनं मला लांबूनच ओळखलं असणार. भिंतीला धरून ती उठली, फडताळातली वाटी घेतली आणि माझ्या अंगावरून, एक शब्द न बोलता, माझ्याच घराकडं चालायला लागली.

शेजारीण घागरीशी टेकली. बस म्हणाली नाही. मी तिथंच, उभ्याउभ्या, एक गड्डा फोडला आणि पाकळ्या सोलायला लागले.