आप्पांच्या डोक्यावरची तारांची टोपी

दुसऱ्याच्या डोक्यात काय चाललंय हे वडगावात आमच्या शेजारच्या आप्पांइतकं कुणालाच कळत नाही, आणि स्वतःच्या डोक्याबद्दल त्यांच्याइतका धास्तावलेला माणूसही मी पाहिलेला नाही. त्यांचे दोन यंत्रमाग आहेत. त्यांतला एक रुसका आहे, असं ते गंभीरपणे सांगतात. सकाळी त्याच्यावर तीनदा धागा तुटला की त्याला चादर पांघरून ते कट्ट्यावर येऊन बसतात. मागाशी ते कन्नडमध्येच बोलतात. जोडणारा मिस्त्री कन्नड होता, मग मागाला मराठी कुठलं कळायला, असं त्यांचं म्हणणं. गल्लीत दोघी हळू बोलल्या तर विषय आपलाच आहे हे त्यांना लांबून समजतं, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा तो असतोच.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे प्रोजेक्ट म्हणजे काय हे सांगताना माझी त्रेधा उडते. डोक्यावर तारांची टोपी घालून मेंदूच्या लहरी टिपायच्या, आणि स्किझोफ्रेनियाशी मिळतेजुळते स्वभावविशेष कुणात जास्त आहेत ते ओळखायला संगणकाला शिकवायचं, असं आमचं काम. हे आजाराचं निदान नव्हे, असं मी प्रत्येकाला दोनदा सांगते. आमच्याकडे सगळी विद्यार्थ्यांचीच डोकी होती. प्रोजेक्ट बघणाऱ्या आमच्या मॅडमना वयस्कर माणसं हवी होती. मी आप्पांना भीतभीत विचारलं. ते एका शब्दात हो म्हणाले, याचं मला तेव्हा नवल वाटलं.

येताना केस धुऊन या, असं मी बजावलं होतं. त्यांनी धुतले, आणि वरून वाटीभर खोबरेल थापलं. कोरडं डोकं घेऊन कॉलेजात कोण जातं, असा त्यांचा सवाल होता. तेलावर टोपीच्या चकत्या काही केल्या चिकटेनात. शेवटी लॅबच्या बेसिनमध्ये मी शाम्पूनं त्यांचं डोकं धुतलं, आणि ते सबंध वेळ मान खाली घालून शाळकरी पोरासारखे उभे राहिले.

मग प्रश्नावली. तुमच्यामागं लोक तुमच्याबद्दल बोलतात असं वाटतं का? आप्पा म्हणाले, वाटतंय कशाला, बोलत्यात की, आणि सात नावं सांगितली. मला हसू आवरेना. टोपी चढवून लहरी पडद्यावर धावू लागल्या तसे मात्र ते डोळे बारीक करून त्या निरखू लागले. थोड्या वेळानं त्यांनी एका लहरीकडं बोट दाखवलं, वरून चौथा धागा सैल हाय म्हणाले. मॅडमनी टोपी तपासली. तिथली चकती खरंच सुटली होती. त्या नवी आणायला गेल्या.

खोलीत आम्ही दोघंच उरलो, तेव्हा पडद्यावरची नजर न काढता आप्पांनी विचारलं, “माझं डोकं आक्कासारखं हाय काय, एवढं बघून सांग गं.”

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, गुंजी गावात असायची. तिला आवाज ऐकू यायचे. घरच्यांनी तिला माणसांत येऊ दिलं नाही, आणि ती तशीच गेली. “ती काय ऐकतीया म्हणून कुणी इचारलंच न्हाय,” ते म्हणाले. “मलाबी बंद मागाचा आवाज येतोय कधीकधी.”

खोटा धीर देणारे शब्द अगदी ओठांवर आले होते, पण मी म्हटलं, “आप्पा, ही मशीन एकट्या माणसाचं सांगू शकत न्हाय. मलाबी ते सांगता येत न्हाय. आपण डॉक्टरांकडं जाऊया. मी येते संगट.”

पुढच्या मंगळवारी गेलो. डॉक्टर बराच वेळ त्यांच्याशी बोलले. आजार म्हणण्यासारखं काही दिसत नाही. झोप उडाली, आवाज वाढले तर लगेच या, असं त्यांनी सांगितलं. आप्पा मोकळे होऊन वाटेत बडबडतील अशी माझी कल्पना होती. पण वाटेतल्या शहापूरपर्यंत ते माझ्या पुढं पुढंच चालत राहिले. तिथं रस्त्याच्या कडेला थांबून त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

“आक्काला असं नेलं असतं तर, गं?”

त्यांना पुन्हा चालावंसं वाटेपर्यंत मी शेजारी उभी राहिले.