मुलीच्या वर्गात लिहायला बसलो

मुलीच्या शाळेतून मोबाइलवर निरोप आला. शनिवारी पालकांनी मुलांसोबत वर्गात बसून स्वतःच्या लहानपणाबद्दल एक पान लिहायचं आणि सगळ्यांना वाचून दाखवायचं. वाचल्याबरोबर मी मोबाइल बायकोपुढे धरला.

"मले सुट्टी नाही भेटत," बायको म्हणाली. "तुम्हीच जा. लिहायचंच तर आहे."

ऑफिसात माझं सगळं काम कीबोर्डवर चालतं. सही सोडली तर मी हातानं काही लिहीत नाही. हे मी ठरवून टाळतो, हे बायकोलाही ठाऊक नव्हतं.

मी इथल्याच पुरानी बस्तीत, हिंदी मुलखात वाढलो. घरात मराठी, शाळेत हिंदी. अक्षरओळख आईनं घरी करून दिली होती, आणि तिच्या अक्षरांत ळ होता, जो हिंदीत नसतो. दुसरीत गुरुजींनी फळ्यावर फळांची नावं लिहायला उठवलं. मी 'केला'ऐवजी 'केळा' लिहिलं.

"ये कौन सा अक्षर है?" गुरुजींनी विचारलं. मला सांगता येईना. वर्ग हसला. गुरुजींनी माझ्या बोटांमध्ये पेन्सिल घालून मूठ दाबली आणि तशीच धरून पुन्हा तेच विचारलं. त्यानंतर लिहायचा तास आला की माझे तळहात घामानं भिजायचे आणि कागद बोटांना चिकटायचा.

शनिवारी शंकर नगरमधल्या मुलीच्या शाळेत गेलो. तिसरीचा वर्ग. सतरंजीवर मुलं आणि आईबाप दाटीवाटीनं बसले होते. दोरीवर मुलांचे कागद चिमट्यांनी टांगलेले होते, खाडाखोडीसकट. बाई तरुण होत्या. आधी मनात येईल ते लिहा, चुका नंतर बघू, असं त्यांनी हिंदीत सांगितलं आणि स्वतःही कागद घेऊन खाली बसल्या.

मुलगी लगेच लिहायला लागली. मी अभनपूरच्या बाजारात बाबांबरोबर गेल्याची साधी गोष्ट घरूनच ठरवून आलो होतो. हिंदीत सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीत केळी विकणारा माणूस आला आणि हात थांबला. तिथे ल हवा, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण बोटं वळेनात. मानेमागे कुणीतरी उभं आहे असं वाटत होतं आणि वळून बघायची हिंमत होत नव्हती.

"पप्पा, काहून थांबले?" मुलगी कुजबुजली आणि लगेच नेहमीसारखी हिंदीवर गेली. "गलत हो गया तो एक लाइन मार दो. मिटाना नहीं. मॅम बोलती हैं, मिटा दोगे तो पता कैसे चलेगा कि पहले क्या सोचा था."

मी बाजाराच्या ओळींवर रेघ मारली. खाली त्या फळ्याबद्दल, गुरुजींबद्दल, पेन्सिलीबद्दल लिहिलं. ओळी तिरक्या गेल्या.

वाचायला उठलो तेव्हा कागद दोन्ही हातांनी धरला. 'वर्ग हसला' या वाक्याशी मी अडलो. आता ही मुलंही हसतील आणि माझी मुलगी ते बघेल, एवढंच डोक्यात होतं. कसंबसं शेवटपर्यंत वाचलं.

कुणी हसलं नाही. तिथे ऐकून झालं की प्रश्न विचारायची पद्धत आहे. एका मुलीनं हात वर केला.

"अंकल, फिर अगले दिन क्या हुआ?"

"पेट दर्द बोलके घर में रहा."

"सच में दर्द था?"

"हव. डर के मारे."

"अभी भी डर लगता है?"

मी माझ्या मुलीकडे पाहिलं. ती मान खाली घालून सतरंजीचा धागा ओढत होती.

"हव," मी म्हणालो.

"भैया, ये बात तो आपने लिखी नहीं," बाई म्हणाल्या. "ये भी लिखिए."

मी खाली बसून तेही लिहिलं.

परतताना मुलगी स्कूटरवर मागे माझा शर्ट घट्ट धरून बसली होती. माझी भीती आता तिला लागली की काय, या विचारानं माझा हात सारखा ब्रेकवर जात होता. घराजवळ आल्यावर तिनं विचारलं, "मम्मी को पता है?"

"नाही."

"तो बता दो न."

संध्याकाळी बायकोला सांगितलं.  ती म्हणाली, "इतकी वर्षं मले सांगितलं काहून नाही?"

पुढच्या महिन्यात पालकांना पुन्हा लिहायला बसायचं शाळेचं बोलावणं आलं. बायको म्हणाली, या वेळी ती सुट्टी मागून बघेल. नको म्हटलं, मी जातो. आदल्या दिवशी मला नीट जेवण गेलं नाही. सकाळी मुलीबरोबर निघालो.