चिठ्ठीत निघालेला जोडीदार

एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या इमारतीत मी दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि ज्यांची ही गोष्ट ते शेजारी तिसऱ्या, अगदी माझ्या डोक्यावर. त्यांच्या बाथरूमचं पाणी आमच्या बाथरूमच्या छतातून झिरपायचं. तेवढ्यावरून आम्ही दोघं सहा वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो.

सुरुवातीला एकदा बोलणं झालं होतं. मी वर गेलो, त्यांनी दारातच उभं राहून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्याकडनं पानी नाय जात. बाहेरचा पाइप बघा." मी आवाज चढवला, त्यांनी दार लावून घेतलं. मग मी सोसायटीच्या कमिटीला पत्रं लिहायला लागलो. किती लिहिली ते आता सांगायला लाज वाटते. लिफ्टमध्ये ते दिसले की मी मुकाट जिना धरायचो.

गंमत म्हणजे आमच्या बायकांचं कधी तुटलंच नव्हतं. वरचं कुटुंब मूळचं जवळच्याच उमेळे गावचं. तिथे उरलेल्या त्यांच्या वाडीच्या तुकड्यातली केळफुलं आणि अळूची पानं आमच्या स्वयंपाकघरात येतच राहिली. मी भाजी चवीने खायचो आणि कुठून आली ते विचारायचो नाही.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत सोसायटीने मोठ्यांसाठी कॅरमचे सामने ठेवले. कॉलेजात मी बरा खेळायचो. नंतर नोकरी, मुलं, घराचे हप्ते यांत बोर्डाला हात लागला नव्हता. बायकोने परस्पर माझं नाव दिलं. दुहेरी सामने, आणि जोड्या चिठ्ठ्या टाकून. सेक्रेटरीबाईंनी माझ्या नावापाठोपाठ त्यांचं नाव वाचलं आणि खाली जमलेली सगळी माणसं आमच्याकडे बघायला लागली.

मी घरी येऊन म्हणालो, "मी नाव काढून घेतोय."

"घ्या की," बायको कुकर लावता लावता म्हणाली. "पण मग त्यांच्या बायकोला काय सांगू? तुम्ही रुसलात म्हणून?"

रविवारी दुपारी खाली पार्किंगमध्ये बोर्ड मांडला होता. कॅरममध्ये जोडीदार शेजारी बसत नाही, समोर बसतो. त्यामुळे बघायचं नाही म्हटलं तरी नजर त्यांच्यावरच जायची. मला ते म्हातारे झालेले दिसले. केस पांढरे, डोळ्यांखाली काळं. बोटं मात्र देखणी चालत होती. स्ट्रायकर असा सोडायचे की सोंगटी जराही न थरथरता भोकात जायची.

पहिला बोर्ड आम्ही तोंडातून शब्द न काढता हरलो. दुसऱ्यात माझ्याकडून राणी गेली. आता लगेच कव्हर घ्यायचं होतं, म्हणजे पाठोपाठ आमची एक सोंगटी घालायची होती. सोपी अशी एकही सोंगटी नव्हती, आणि मी घाईघाईने कडेच्या सोंगटीवर नेम धरला. ते पुढे वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "घाई नको. ती कडेची सोडा, मागची घ्या."

समोरच्या जोडीतला एकजण ओरडला, "ओ, पार्टनरशी बोलायचं नाही हां!"

त्यावर पहिल्या मजल्यावरच्या एक वयस्कर बाई खुर्चीतूनच म्हणाल्या, "अरे, सहा वर्षं बोलले नाहीत ते. आता बोलतायत तर बोलू दे की त्यांना!"

सगळे हसले. मी खाली मान घातली, पण माझे खांदे हलत होते. वर बघितलं तर तेही तोंडावर हात धरून हसत होते, आणि पावडरचा हात असल्याने मिशी पांढरी झाली होती. मी मागची सोंगटी घेतली. ती गेली.

तो सामना आम्ही जिंकलो, अंतिम सामना सपाटून हरलो. हरल्यावर ते एवढंच म्हणाले, "तुमचा हात चांगला आहे. पन घाई करता."

पुढच्या रविवारी चार वाजता बेल वाजली. दारात ते, आणि काखेत एक जुना जड कॅरम बोर्ड. गावच्या घरातून आणलेला. "आमच्याकडे मांडायला जागा नाय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तुमच्या हॉलमध्ये मावंल का?" मी सेंटर टेबल सरकवलं.

पाचेक रविवार आम्ही नुसते खेळलो. छताचा विषय दोघांनीही काढला नाही. मग एकदा ते पावडरचे हात धुवायला आमच्या बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी बघायला गेलो तर नळ बंद, आणि ते मान वर करून उभे. छताचा गिलावा गळून सळ्या दिसत होत्या.

"हे एवढं?" ते म्हणाले. "मला वाटलं, थोडी ओल असंल. पत्रात मानूस वाढवून लिहितो."

मग तिथेच उभे राहून त्यांनी सांगितलं. मी पहिल्यांदा वर गेलो तेव्हा त्यांचे वडील नुकतेच अंथरुणाला खिळले होते. रोज दोनदा त्यांना उचलून त्याच बाथरूममध्ये न्यावं लागे. "फोडलं असतं तर आठ-दहा दिवस त्यांना न्यायचं कुठे? नि ते तुम्हाला दारात कसं सांगायचं, आतमध्ये त्यांना सगळं ऐकू जात होतं."

"आणि ते गेल्यावर?"

"तोवर तुमची पत्रं झाली होती ना," ते म्हणाले. "मग राग राहिला."

त्यांचे वडील गेले त्या दिवशी मी फाटकाशी लोकांच्या मागे उभा होतो आणि सगळ्यांच्या आधी निघून आलो होतो. ते मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "माहीत आहे, बघितलं होतं मी." पुढच्या आठवड्यात त्यांनी प्लंबर बोलावला. लाद्या निघाल्या, वॉटरप्रूफिंग झालं, आणि ते काम चालू होतं तेवढे दिवस ते नवरा-बायको अंघोळीला आमच्याकडे येत होते.

मी कधीकधी विचार करतो, आम्ही समोरासमोर बसून छताबद्दल चर्चा करायचं ठरवलं असतं तर काय झालं असतं? पुन्हा भांडलो असतो, नक्की. बोर्डावर मात्र वाकून बसलेला माणूस स्वतःला सांभाळत नाही. सोंगटी हुकली की "अरेरे" म्हणतो, गेली की लहान मुलासारखा फुलतो, आणि तसा चेहरा एकदा बघितला की त्याच्याविरुद्ध पत्र लिहायला बसणं जड जातं. शिवाय मला स्वतःलाही काहीतरी परत मिळालं. चाळिशीनंतर मी जे जे करत होतो त्याला काही ना काही कारण असायचं: बढतीसाठी, मुलांसाठी, साखर वाढू नये म्हणून चालायला जाणं. रविवारच्या त्या दोन तासांना काहीच कारण नसतं.

हल्ली आमच्या बायकाही बसतात. त्या दोघींची एक जोडी, आम्हा दोघांची एक. त्यांच्या बायकोचा कट शॉट फार वाईट, म्हणजे आमच्यासाठी. गेल्या रविवारी त्या दोघींनी आम्हाला सलग तीन बोर्ड हरवलं. चहा ठेवायची पाळी आमच्यावर आली, म्हणून मी आलं किसत होतो आणि ते कप शोधत होते. हॉलमधून दोघींच्या हसण्याचा आवाज आला तसे ते म्हणाले, "ऐकलं का, आपल्यालाच हसतायत." मी म्हणालो, "हसू दे," आणि दूध उतू जायच्या आत गॅस बारीक केला.